कॉम्प्युटरला पाण्याचा कूलर : पैसे मोजण्याआधी काय मोजावे?

"उन्हाळ्यात आमचे मशीन मंद चालते, मधेच बंद पडते," असे कॉम्प्युटरच्या दुकानात सांगितले की हल्ली दुकानदाराचे पहिले उत्तर असते, "लिक्विड कूलिंग लावून टाका." म्हणजे पाण्यावर चालणारा कूलर. साधारण पाच-सहा हजारांपासून सुरुवात होते आणि रंगीत दिवे, छोटा पडदा वगैरे असलेला माल पंधरा हजारांच्याही पुढे जातो. आपल्यापैकी अनेकांकडे आता साडीच्या डिझाइनसाठी, भरतकामाच्या मशीनची फाईल बनवण्यासाठी, लग्नाचे अल्बम किंवा पत्रिका छापण्यासाठी कॉम्प्युटर आहे. तो शोभेची वस्तू नाही, धंद्याचे हत्यार आहे. तेव्हा हा खर्च खरोखर लागतो का, आणि लागत असेल तर माल कसा पारखावा, हे समजून घेणे जरूर आहे.

मी कापडाचा व्यापारी, इंजिनियर नव्हे. परंतु ताका उलगडून पाहिल्याशिवाय आणि वजन केल्याशिवाय माल उचलायचा नाही, ही सवय दुकानात बसल्या दिवसापासूनची. २०२४ च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, आमचे डिझाइनचे मशीन रोज दुपारी रडायला लागले. पन्नास मिनिटांच्या आत तयार होणारी छपाईची फाईल तासावर जाऊ लागली आणि एकदा तर काम अर्धवट टाकून मशीन स्वतःच बंद झाले. छपाईवाल्याचा फोन, पार्टीचा फोन, आणि आम्ही पडद्याकडे बघत बसलेलो. मेकॅनिक पोरगा म्हणाला, "चाचा, लिक्विड लावा, दुसरा इलाज नाही." मी म्हटले, लावू, पण आधी मोजू. त्या मोजणीत जे शिकायला मिळाले ते येथे देत आहे.

पाणी म्हणजे गारवा नव्हे

पहिली गफलत नावातच आहे. आपल्याकडे कूलर म्हटले की खिडकीतला, गवताच्या ताट्यांचा कूलर डोळ्यांपुढे येतो. त्यात पाण्याची वाफ होते, वाफ होताना पाणी हवेतली उष्णता ओढून घेते, म्हणून बाहेर ४२ अंश असताना आत त्याहून बरीच गार हवा येते. कॉम्प्युटरच्या कूलरमध्ये यातले काहीच घडत नाही. तेथले पाणी बंद नळीत फिरते, त्याची वाफ करायची नसते. हा कूलर ताट्यांच्या कूलरचा कोणी लागत नाही, ट्रकच्या रेडिएटरचा मात्र धाकटा भाऊ आहे.

रचना अशी असते. प्रोसेसरवर तांब्याची एक जाड पट्टी बसते. तिच्या आतल्या बाजूला केसासारख्या बारीक चिरा पाडलेल्या असतात. त्या चिरांतून पाणी जाते आणि उष्णता उचलते. पट्टीच्या डोक्यावर बहुधा छोटा पंप असतो. तेथून दोन रबरी नळ्या निघून ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला जातात आणि रेडिएटरवर पंखे बसवलेले असतात. १२० मिलिमीटरचे दोन पंखे असले तर त्याला २४० म्हणतात, तीन असले तर ३६०. उलटपक्षी साध्या हवेच्या कूलरमध्ये तांब्याच्या बंद नळ्या उष्णता उचलून ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या उभ्या चळतीत नेतात आणि एखाद-दुसरा पंखा त्यावर वारा मारतो. त्याला टॉवर कूलर म्हणतात. दोन्हींत शेवटी उष्णता जाते कोठे? खोलीतल्या हवेतच. पाणी फक्त ओझे वाहणारा हमाल आहे.

हमाल मात्र मजबूत आहे, यात शंका नाही. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४.२ ज्यूल उष्णता लागते. म्हणजे मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल आणि प्रोसेसर २०० वॅट उष्णता टाकत असेल, तरी एका फेरीत पाणी तीन अंशसुद्धा तापत नाही. म्हणून उष्णता एका जागेवरून उचलून मोठ्या रेडिएटरवर पसरवण्याच्या कामात पाणी चांगले. परंतु रेडिएटरवर जी हवा येते ती ४० अंशाची असेल, तर पाणी ४० च्या खाली येणार नाही आणि प्रोसेसर तर नाहीच नाही. त्यामुळे या कूलरची पारख करताना "प्रोसेसर किती अंशावर आहे" हा प्रश्न अपुरा आहे. "खोलीतल्या हवेपेक्षा किती अंश वर आहे" असे विचारले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या कंपनीच्या जाहिरातीत किंवा परीक्षणात लिहिले असेल की प्रोसेसर ६८ अंशावर राहिला. ती चाचणी २२ अंशाच्या वातानुकूलित खोलीत झाली असेल, तर वाढ झाली ४६ अंश. तोच कूलर आपल्या ४० अंशाच्या दुकानात लावला तर ४० अधिक ४६, म्हणजे ८६ अंश. कूलर तोच, प्रोसेसर तोच, कोणी खोटेही बोललेले नाही. जानेवारीत किंवा एसी शोरूममध्ये पाहिलेला आकडा मे महिन्यात आपल्या दुकानात उपयोगाचा नाही, एवढाच याचा अर्थ.

आपल्या प्रोसेसरची भूक किती?

दुसरी गोष्ट वॅटची. प्रोसेसर जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि तीही अंगठ्याच्या नखाच्या आसपासच्या जागेतून. सगळे प्रोसेसर सारखे खात नाहीत. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० ची मूळ मर्यादा ६५ वॅट आणि जोर लावल्यावर ११७ वॅट आहे. कोअर आय७-१२७०० ची मूळ ६५, जोराची १८०. कोअर आय९-१४९००के ची मूळ १२५ आणि जोराची २५३ वॅट. एएमडीचा रायझेन ५ ७६०० हा ६५ वॅटचा म्हणून विकला जातो आणि ८८ वॅटपर्यंत जातो, तर रायझेन ९ ७९५०एक्स १७० वॅटचा म्हणून विकला जातो आणि २३० पर्यंत जातो. आपली कपड्याची साधी इस्त्री ७५० ते १००० वॅटची असते. म्हणजे मोठा प्रोसेसर हा पाव इस्त्री झाला, आणि ही पाव इस्त्री नखाएवढ्या जागेत तापते.

बिले करणे, जीएसटीचे विवरण भरणे, टॅली, मेल, एवढेच काम असेल तर यातला कोणताही प्रोसेसर दिवसभरात क्वचितच जोर लावतो. त्या मशीनला पाण्याचा कूलर लावणे म्हणजे सायकलला ट्रकचे रेडिएटर लावणे. प्रोसेसरबरोबर डब्यात आलेला कूलर स्वच्छ ठेवला तरी पुरे. खरा प्रश्न फक्त त्यांचा आहे ज्यांचे मशीन अर्धा तास, तास, रात्रभर एकसारखे पूर्ण जोरात चालते : छपाईची मोठी फाईल तयार करणे, व्हिडिओ बनवणे, कपड्याचे चित्र मॉडेलवर चढवून कॅटलॉग काढणे अशी कामे.

प्रोसेसर तापला तर जळेल, ही भीतीही आज फारशी खरी राहिलेली नाही. २००१ साली 'टॉम्स हार्डवेअर' या संस्थेने चालू मशीनवरून कूलर काढून दाखवला होता, तेव्हा त्या वेळच्या एएमडीच्या ॲथलॉन प्रोसेसरमधून धूर निघाला होता आणि इंटेलचा पेंटियम ४ नुसता मंदावला होता. आजचे सगळेच प्रोसेसर स्वतःला सांभाळतात. वर सांगितलेल्या इंटेलच्या प्रोसेसरची हद्द १०० अंशाची, एएमडीच्या या दोन्हींची ९५ ची. हद्द गाठली की प्रोसेसर आपला वेग आणि वॅट कमी करतो आणि तरीही भागले नाही तर मशीन बंद करतो. एएमडीने तर ७००० मालिका बाजारात आणताना सांगितलेच होते की पूर्ण भारावर ९५ अंश गाठणे हे या प्रोसेसरच्या रचनेत धरलेले आहे. म्हणून आपले नुकसान प्रोसेसर जळण्याने होत नाही, वेळ वाया जाण्याने होते. मंदावलेले मशीन म्हणजे उशिरा गेलेली फाईल.

आमची मोजणी

आमच्या मशीनमध्ये आय७-१२७०० आहे आणि त्यावर डब्यातलाच कूलर होता. खोलीतली हवा दुपारी ३९ अंश. मी चार वेळा तेच काम, तीच फाईल, तीच दुपारची वेळ ठेवून करून घेतले. प्रत्येक वेळी चार गोष्टी वहीत लिहिल्या : खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान, प्रोसेसरचे वॅट आणि काम पुरे व्हायला लागलेली मिनिटे. थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीसमोर टांगला होता. प्रोसेसरचे आकडे एचडब्ल्यूइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये दिसतात. घाई नको म्हणून कोणा पार्टीची नव्हे, जुनी निरुपयोगी फाईल घेतली.

पहिल्या वेळी, जसे होते तसे : प्रोसेसर १०० अंशावर अडकला, वॅट ८० पर्यंत खाली आले, काम ५० मिनिटांत झाले.

मग कूलर काढला. खाली पाहतो तर कापसाच्या बारीक तंतूंचा नमदा बसलेला, आणि प्रोसेसर व कूलर यांच्यामधली पेस्ट वाळून खडू झालेली. साफ केले, नवीन पेस्ट लावली. खर्च तीनशे रुपये. तापमान पुन्हा १०० लाच टेकले, पण वॅट १०५ राहिले आणि काम ४४ मिनिटांत झाले. येथे लक्षात घ्या, तापमानाचा आकडा दोन्ही वेळा तोच होता! नुसता अंश बघणाऱ्याने म्हटले असते की सफाईने काही फरक पडला नाही. फरक वॅटमध्ये आणि घड्याळात होता.

तिसऱ्या वेळी सुमारे अडीच हजारांचा टॉवर कूलर लावला. तापमान ८४ वर थांबले, वॅट १४०, काम ४० मिनिटांत.

चौथ्या वेळी ओळखीच्या दुकानातून दोन दिवसांच्या बोलीवर २४० चा पाण्याचा कूलर आणला. तापमान ७८, वॅट १४०, काम ४० मिनिटांत.

म्हणजे टॉवर आणि पाणी यांच्यात सहा अंशांचा फरक पडला आणि कामाच्या वेळात एका मिनिटाचाही नाही. का? कारण टॉवर लावल्यावरच प्रोसेसरला हवे तेवढे वॅट मिळू लागले होते, तो हद्दीच्या खाली होता. त्यापुढे आणखी गार केले तरी तो जास्त पळत नाही. पन्नास मिनिटांची चाळीस मिनिटे झाली, त्यात सहा मिनिटे तीनशे रुपयांच्या सफाईने दिली आणि चार मिनिटे अडीच हजारांच्या टॉवरने. पाण्याच्या कूलरच्या वाट्याला काही उरलेच नाही.

आता समजा मी मळलेल्या कूलरवरून थेट पाण्याच्या कूलरवर गेलो असतो. तापमान १०० वरून ७८, वेळ ५० वरून ४० ! मीसुद्धा चार जणांना सांगत फिरलो असतो की पाण्याने कमाल केली. बाजारात जी तारीफ ऐकू येते तिच्यात अशी बरीच तारीफ असावी असा माझा अंदाज आहे. जुना कूलर साफ करून, नवीन पेस्ट लावून मगच नव्याशी तुलना करावी. मळका ताका आणि धुतलेला ताका शेजारी ठेवून सुताची पारख होत नाही.

दहा मिनिटांचा डेमो

त्या चौथ्या मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. मी आकडे फक्त शेवटी लिहिले नव्हते, मधे मधेही लिहिले होते. काम सुरू झाल्यावर दुसऱ्या मिनिटाला टॉवरवर ७९ अंश होते आणि पाण्यावर ६६. फरक १३ अंशांचा. दहाव्या मिनिटाला ८२ आणि ७३, फरक ९. चाळिसाव्या मिनिटाला ८४ आणि ७८, फरक ६.

याचे कारण सोपे आहे. नळीतले आणि रेडिएटरमधले पाणी सुरुवातीला खोलीइतके गार असते. ते तापेपर्यंत उष्णता पोटात घेत राहते. थंड पातेल्यातल्या पाण्याखाली गॅस पेटवला तर पहिली काही मिनिटे बोट बुडवता येते, तसेच हे. टॉवरमध्ये धातू थोडा, तो लवकर तापून आपल्या जागेवर येतो. पाण्याला वेळ लागतो. त्यात कॅबिनेटच्या आतली हवा आणि बंद खोलीही हळूहळू तापत जाते. दुकानदार जेव्हा मशीन चालू करून पाच मिनिटे दाखवतो, तेव्हा तो खोटे दाखवत नाही, पण आपल्याला पातेल्याची पहिली पाच मिनिटे दाखवतो. सिनेबेंच आर२३ नावाची चाचणी पुष्कळ दुकानांत चालवतात. ती ठरलेल्या मांडणीत दहा मिनिटे चालते. दहा मिनिटे दोन मिनिटांपेक्षा बरी, पण मी तरी निदान अर्धा तास, आणि आपले काम तासाचे असेल तर तासभर, चालवून बघितल्याशिवाय आकडा मान्य करणार नाही.

तासभर मशीन अडवून ठेवायला दुकानदार कुरकुरतो. पंधरा हजारांचा माल विकायचा असेल तर कुरकुरू द्यावे.

आवाजाचीही तुलना करायची असते, आणि येथेही चलाखी चालते. पंखे पूर्ण वेगात सोडले की कोणताही कूलर थंड दिसतो. दोन्ही कूलरचे पंखे कानाला साधारण सारखा आवाज देतील इतक्या वेगावर ठेवून मोजावे. ज्यांच्या शेजारी माग खडखडत असतात त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

तंतू, पंप आणि पाणी

कापडाच्या गावात या कूलरचा खरा दुश्मन उष्णता नाही, तंतू आहे. रेडिएटरच्या पापुद्र्यांमधली जागा अगदी अरुंद असते. पंखा हवा ओढतो, तंतू तेथे अडकतात आणि काही महिन्यांत पंखा व रेडिएटर यांच्यामध्ये गोधडी तयार होते. बाहेरून ती दिसत नाही. पंखे सोडवावे लागतात. टॉवर कूलरचे पत्रे त्या मानाने मोकळे असतात, ब्रश आणि ब्लोअरने जागेवर साफ होतात. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर पंखा भन्नाट फिरून खराब होतो. ज्यांचे मशीन मागाच्या शेडमध्ये किंवा पिंजणाऱ्याच्या शेजारी आहे, त्यांनी पुढच्या जाळीवर फिल्टर लावावा आणि तो दर आठवड्याला झटकावा. कूलर कोणताही असो.

पंपाचा विचार वेगळा करावा लागतो. टॉवर कूलरमध्ये फिरणारी वस्तू एकच, पंखा. तो बंद पडला तर पाचशे-सातशे रुपयांत तालुक्याच्या गावीही दुसरा मिळतो, आणि मिळेपर्यंत धातूचा तो गठ्ठा थोडीफार उष्णता काढत राहतो. पाण्याच्या कूलरमध्ये पंप बंद पडला की पाणी जागच्या जागी उभे राहते आणि प्रोसेसर थोड्याच वेळात हद्दीला टेकतो. पंप सुटा मिळत नाही, पूर्ण कूलरच बदलावा लागतो. वॉरंटी असली तरी माल मोठ्या शहरात पाठवायचा, तेथून दुसरा यायचा, यात दिवस जातात. लग्नसराईत हे दिवस कोण भरून देणार? म्हणून ज्यांनी पाण्याचा कूलर घेतला आहे किंवा घेणार आहेत त्यांनी डब्यातला जुना कूलर आणि पेस्टची एक ट्यूब कपाटात जपून ठेवावी. मंद का होईना, मशीन त्याच संध्याकाळी चालू होईल. ज्या प्रोसेसरबरोबर डब्यात कूलर येतच नाही, त्यांनी एखादा स्वस्त टॉवर आणून ठेवावा.

आतले पाणीही साधे नसते. त्यात ग्लायकॉल आणि गंज रोखणारी द्रव्ये मिसळलेली असतात, कारण पट्टी तांब्याची आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा. हे दोन धातू एकाच पाण्यात असले की ॲल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते. नळ्यांच्या रबरातून काही वर्षांत थोडे पाणी उडून जातेच. "पाणी कमी झाले, भरून देतो" म्हणणारा मेकॅनिक भेटला आणि त्याने बोअरचे पाणी भरले तर बॉयलरमध्ये क्षार धरतो तसा थर त्या केसाएवढ्या चिरांत धरेल. डाइंगवाल्या बंधूंना हे जास्त सांगायला नको. बहुतेक कंपन्यांचा माल उघडून भरण्यासाठी बनवलेलाच नसतो.

पाणी उडाले की आत हवा राहते, आणि हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाते. म्हणून रेडिएटर अशा रीतीने बसवावा की त्याचे वरचे टोक पंपाच्या वर असेल : कॅबिनेटच्या छताला बसवला तर उत्तम. पंप सगळ्यात वर आणि रेडिएटर तळाला, अशी बसवणी केली तर हवा पंपात शिरते, गुडगुड आवाज येतो आणि पंप लवकर जातो. मशीन घरी आल्यावर ही एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्यावी, त्यासाठी इंजिनियर लागत नाही.

गळतीबद्दल लोक फार घाबरतात. गळती क्वचित होते, पण होत नाही असे नाही. ॲपलने २००४ साली पॉवर मॅक जी५ चे एक मॉडेल पाण्याच्या कूलरसह विकले होते आणि पुढे त्यांतील काही मशीनमध्ये द्रव गळून नुकसान झाले. आर्क्टिक कंपनीने २०२२ साली स्वतःच जाहीर केले की लिक्विड फ्रीझर २ च्या काही जुन्या मालात रबरी वॉशर सदोष आहे, आणि बदलण्याचे सामान ग्राहकांना मोफत दिले. दोष कबूल करून सामान पाठवणारी कंपनी मला तरी बरी वाटते. वॉरंटी किती वर्षांची हे सगळे विचारतात. गळतीमुळे मदरबोर्ड किंवा ग्राफिक कार्ड खराब झाले तर त्याची भरपाई कंपनी देते का, हे मात्र कोणी विचारत नाही. काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. वॉरंटीचा कागद वाचून बघावा आणि बिल आपल्या जीएसटी नंबरासह पक्के घ्यावे. कच्च्या बिलावर वाचवलेले हजार रुपये वॉरंटीच्या वेळी महाग पडतात.

छाप वेगळी, माग एकच

ब्रँडच्या नावावर किती भाव द्यावा? पाण्याने मशीन गार करणे ही काही नवी कल्पना नव्हे. १९८० च्या आयबीएम ३०८१ या मोठ्या मशीनला पाण्याची व्यवस्था होती आणि १९८५ चा क्रे-२ तर एका खास द्रवात बुडवलेलाच होता. घरगुती मशीनसाठी बंद, न भरावा लागणारा कूलर सर्वत्र पोचला तो २००९ च्या सुमारास. कॉर्सेअरचा एच५० त्या वेळी फार खपला. पण तो बनवला होता डेन्मार्कच्या एसेटेक कंपनीने. त्यानंतर पुष्कळ नावांखाली एसेटेकचा आणि कॅनडाच्या कूलआयटीचा माल विकला गेला, आणि पेटंटवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. २०१४ साली अमेरिकेतील एका ज्यूरीने अशा खटल्यात एसेटेकच्या बाजूने निकाल दिला होता. आपल्याला यात नवल वाटू नये. एकाच मागवाल्याचे ग्रे कापड चार प्रोसेसवाल्यांकडे जाते आणि काठावर चार शिक्के पडतात. म्हणून शिक्क्याचा जादा भाव देताना विचारावे की रेडिएटर किती मोठा, किती जाड, पंखे कसे, वॉरंटी किती. वरच्या दिव्यांनी आणि पडद्याने प्रोसेसर अर्धा अंशही गार होत नाही.

आणखी एक गोष्ट बाजारात कोणी आपणहून सांगत नाही, कारण तीत विक्री नाही. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरच्या वॅटला मर्यादा घालता येते. एएमडीत त्यालाच इको मोड म्हणतात. वॅट निम्मे केले म्हणून वेग निम्मा होत नाही, कारण शेवटचा थोडासा वेग मिळवायलाच प्रोसेसर बेहिशेब वीज जाळतो. आय९ सारखे मशीन ज्यांनी घेऊन ठेवले आहे त्यांनी कूलरवर दहा हजार टाकण्याआधी मर्यादा १५० किंवा १२५ वर आणून आपलेच काम किती मिनिटांनी लांबते ते पाहावे. फुकटात पाहता येते. आणि मशीन बंद पडण्याचे कारण नेहमी उष्णताच असते असेही नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील मोठे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा अनेकांनी आधी कूलर बदलून पाहिले. २०२४ मध्ये कंपनीने सांगितले की दोष प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळण्याचा आहे, बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांचे बायोस जुने आहे त्यांनी ते आधी करून घ्यावे.

मग पाण्याचा कूलर कोणी घ्यावा? माझ्या ओळखीचे एक गृहस्थ रात्रभर कॅटलॉगचे व्हिडिओ काढतात. प्रोसेसर २३० वॅट खाणारा, कॅबिनेट छोटे, खोलीत एसी नाही. टॉवर लावूनही त्यांचा प्रोसेसर हद्दीला टेकून वेग सोडत होता. त्यांनी ३६० चा घेतला, रेडिएटर वर बसवला, गरम हवा थेट बाहेर निघते. त्यांचे काम रात्रीत सुमारे अर्ध्या तासाने लवकर संपते आणि त्या अर्ध्या तासाचे त्यांना पैसे मिळतात. त्यांचा सौदा बरोबर आहे. एक दोष मात्र त्यांना नंतर कळला : टॉवरचा पंखा मदरबोर्डवरही थोडा वारा मारत असे, तो आता बंद झाला, आणि प्रोसेसरभोवतीचे भाग तापू लागले. त्यांनी कॅबिनेटला पुढून एक पंखा वाढवला.

आम्ही दोन दिवसांनी तो २४० चा कूलर दुकानदाराला परत दिला. तो जरा नाराज झाला, म्हणून दोन पेस्टच्या ट्यूब आणि एक जादा पंखा त्याच्याकडूनच घेतला. टॉवर अजून चालू आहे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुकान बंद असते, त्या सकाळी धाकटा मुलगा कॅबिनेट गच्चीवर नेऊन ब्लोअर मारतो आणि तीच जुनी फाईल चालवून मिनिटे वहीत लिहितो. या मे महिन्यात ४१ झाली होती. जाळी काढून पाहिली, तंतू होतेच.